मामाची हळद आणि मामीचा खलबत्ता

व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाची छोटी बाटली, तीस सेकंद हलवायची असते, आणि तीही दणकून. बूच अंगठ्याने दाबून धरायचं आणि घड्याळाकडे बघत राहायचं. मे २०२१ मध्ये माझ्या मनगटाला तीस सेकंद इतके पाठ झाले होते की घरी ताक घुसळतानाही हात आपोआप तिसाव्या सेकंदाला थांबायचा.

मी मिरजेतल्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. कोविडची दुसरी लाट ओसरत होती आणि म्युकर सुरू झाला होता. तेव्हा पेपरात रोज 'काळी बुरशी' असायची आणि आमच्या खिडकीवर रोज तिच्यावरच्या औषधासाठी, लायपोसोमल अँफोटेरिसिनसाठी, रांग. साठ किलोच्या पेशंटला दिवसाला तीनशे मिलिग्रॅम, म्हणजे पन्नासच्या सहा व्हायल. तीन आठवडे चालवायचं तर सव्वाशेच्या वर. औषध दुकानात मिळत नव्हतं, सरकारी यंत्रणेतून मोजून यायचं. एखाद्या दिवशी सहाच्या जागी चार यायच्या. मग कोणाच्या किती कापायच्या, हे ठरवायला डॉक्टर असायचे. पण ते खिडकीवरच्या माणसाला सांगायला मी.

त्या यादीत सातव्या नंबरवर माझा मामा होता.

मामा शिरोळ तालुक्यातला. चार एकर ऊस, बांधाकडेच्या तुकड्यात थोडी हळद, आणि वीस वर्षांची शुगर. कोविडमधून सुटला, पण स्टेरॉइडने शुगर चारशेच्या वर गेली आणि दहा दिवसांनी उजवा गाल बधिर झाला. मामी म्हणाली दाढ ठणकत असेल. स्कॅन झाला तेव्हा सायनस भरलेला होता आणि वरच्या जबड्याचं हाड गेलेलं होतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी उजवीकडचा वरचा जबडा काढला. डोळा वाचला.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी स्वतः बाटली घेऊन वॉर्डात गेले. सहा व्हायल, प्रत्येकीत बारा मिली पाणी, तीस-तीस सेकंद, मग बारीक गाळणीतून अडीचशे मिली डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे ग्लुकोजच्या पाण्यात. मामा तोंडात बोळे कोंबलेल्या आवाजात म्हणाला, "तायडे, हळद कालवून चढवतीस व्हय गं मला?"

खरंच तसं दिसतं. पिवळं, किंचित गढूळ, उजेडात धरलं तर पारभासी. सांगलीच्या मार्केट यार्डात अर्धं आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

मामीचा प्रश्न वेगळा होता. "यांना शुगर आहे आणि तुम्ही ग्लुकोज चढवताय?" प्रश्न बरोबर होता. पण हे औषध सलाइनमध्ये चालत नाही, मिठाच्या पाण्यात ते फाटतं, साका धरतं. त्यामुळे डेक्स्ट्रोज, आणि त्याचा हिशेब करून इन्सुलिन. नळीत आधीचं सलाइन राहिलं असेल तर तीही डेक्स्ट्रोजने धुऊन घ्यायची. मामीला एवढंच सांगितलं की दूध नासू नये म्हणून आपण त्यात मीठ घालत नाही, तसंच हे. ती ओळ तिला पटली.

मामाला मात्र वेळच वेळ होता. दोन तास बाटली चालायची आणि त्याला बोलायला माणूस हवं असायचं. "एवढं महाग का गं? आत हाय काय?" तर आत काय आहे ते मी त्याला हप्त्याहप्त्याने सांगितलं, आणि तेच इथे लिहितेय. कारण परवा कॉलेजच्या एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, नॅनो ड्रग डिलिव्हरी म्हणजे क्षेपणास्त्रासारखं ना? थेट जाऊन लागतं?" औषध अतिसूक्ष्म कणांत बसवून शरीरात पोचवायचं, त्याबद्दल ती विचारत होती. आणि मला मामाची बाटली आठवली.

अँफोटेरिसिन हे मुळात मातीतलं औषध. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका जंतूपासून, १९५०च्या दशकात. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा एक स्निग्ध पदार्थ असतो. हे औषध त्याला जाऊन चिकटतं, आवरणाला भोकं पाडतं आणि बुरशी मरते. आपल्या पेशींच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नसतं, कोलेस्टेरॉल असतं. अडचण अशी की ही दोन्ही भावंडं आहेत. औषधाला मोठा भाऊ जास्त आवडतो हे खरं, पण धाकटा समोर आला तर त्यालाही ते सोडत नाही. आणि धाकटा सगळ्यात जास्त भेटतो तो मूत्रपिंडात.

म्हणून साधं अँफोटेरिसिन ज्यांनी दिलंय त्या जुन्या सिस्टर अजून त्याचं नाव काढलं की कपाळावर हात मारतात. बाटली लागली की अर्ध्या तासात हुडहुडी, पलंग हलेपर्यंत. मग ताप. आणि आठवड्याभरात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकल्याची रक्तातली खूण, चढायला लागतं. बुरशी आधी मरते की किडनी, अशी शर्यत.

लायपोसोमल म्हणजे तेच औषध, पण चरबीच्या फुग्यात. हे फुगे पहिल्यांदा नीट पाहिले केंब्रिजजवळच्या बाब्राहममधल्या ॲलेक बँगहॅम यांनी, साठच्या दशकाच्या सुरुवातीला. ते रक्ताचे अभ्यासक, औषधाचा विचारही डोक्यात नव्हता. अंड्याच्या बलकात असतं तसलं लेसिथिन पाण्यात सोडलं आणि नव्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरलं, तर कांद्यासारखे पापुद्रे असलेले गोळे दिसले. लेसिथिनच्या रेणूला एक डोकं असतं ज्याला पाणी आवडतं आणि दोन शेपट्या असतात ज्यांना पाणी अजिबात सहन होत नाही. पाण्यात टाकलं की सगळे रेणू शेपट्या आत, डोकी बाहेर करून दुहेरी भिंत बांधतात आणि ती भिंत स्वतःभोवती वळून बंद होते. कोणी शिकवायला लागत नाही.

मामाच्या बाटलीतले फुगे शंभर नॅनोमीटरच्या आतले होते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. आपल्या रक्तातल्या एका तांबड्या पेशीवर असे ऐंशी-नव्वद फुगे एका ओळीत बसतील. मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग सुईला काय अडचण न्हाई." इंजेक्शनच्या सुईबद्दल बोलत होता. खरंय, काही अडचण नाही.

इथे एक गंमत आहे, जी मला एम.फार्म.ला असताना कोणी सांगितली नव्हती. फुगा म्हटलं की वाटतं औषध पोटात भरलेलं असेल, तुकतुकीत करंजीत सारण असतं तसं. अँफोटेरिसिन पोटात नसतं. ते भिंतीत असतं, शेपट्यांच्या मधे घुसून बसलेलं. आणि त्या भिंतीत मुद्दाम कोलेस्टेरॉल घातलेलं असतं. म्हणजे औषधाला त्याचा धाकटा भाऊ घरातच दिलाय, बाहेर शोधायची गरज नाही. रक्तातून फिरताना ते तिथे गुमान बसतं. किडनीच्या चाळणीतून एवढा मोठा फुगा उतरत नाही. मग वाटेत बुरशी भेटते. फुगा तिच्या भिंतीला चिकटतो, आणि आतलं औषध मोठ्या भावाच्या ओढीने फुगा मोडून तिकडे जातं.

कंट्रोल्ड रिलीज, म्हणजे औषध आवरून बेताने सोडणं, म्हणतात ते हे. यात घड्याळ नाही, बटण नाही. एका ठिकाणी धरून ठेवण्याइतपत ओढ आणि दुसऱ्या ठिकाणी त्याहून थोडी जास्त ओढ.

मामाला मी युरियाचं उदाहरण दिलं. पूर्वीचा पांढरा युरिया फेकला की निम्मा पाण्याबरोबर आणि हवेत जायचा. २०१५पासून सगळा युरिया कडुलिंबाचं तेल लावून यायला लागला, तो हळूहळू लागू पडतो. मामा म्हणाला, "त्यो पिकाला कमी न् इकणाऱ्याला जास्त लागू पडतोय." त्याच मेच्या शेवटी नॅनो युरियाची बाटली आली आणि मामाने फोनवर मला विचारलं की ही तुझ्या औषधातली का. मी म्हटलं, नावापुरती. त्या बाटलीबद्दल शास्त्रज्ञांत अजून भांडणं चालू आहेत, मी त्यात पडत नाही.

*

त्या दिवसांतली एक गोष्ट मात्र अजून अंगावर काटा आणते. ती मामाची नाही.

तरुण पोरगा, वडील ॲडमिट. आमच्याकडचा साठा संपलेला. त्याने रातोरात गाडी काढून परराज्यातून दहा व्हायल आणल्या. कागदावर लिहिलेलं: इंजेक्शन अँफोटेरिसिन बी, तीनशे मिलिग्रॅम. व्हायलवर लिहिलेलं: अँफोटेरिसिन बी, पन्नास मिलिग्रॅम. सहा व्हायल, हिशेब बरोबर. सिस्टरने ट्रेमध्ये मांडून ठेवल्या होत्या. मी दुसऱ्याच कामाला वॉर्डात गेले होते आणि सवयीने एक उचलून लेबल वाचलं. 'लायपोसोमल' हा शब्द कुठे नव्हता.

साध्या अँफोटेरिसिनचा डोस किलोला एक मिलिग्रॅमच्या आसपास. तीनशे म्हणजे पाचपट. साधं औषध एवढं दिलं तर हृदय थांबू शकतं. फुग्यात घातलेलं तेच औषध, तेवढंच वजन, मामाला रोज जात होतं आणि तो ते घेत हळदीचे भाव सांगत होता.

मी ट्रे उचलला आणि रेसिडेंटला फोन लावला. तो छत्तीस तास जागा होता, आधी माझ्यावर खेकसला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "मॅडम, ट्रे सोडू नका, मी येतोय." त्या पोराला समजावायला अर्धा तास लागला. त्याला वाटत होतं त्याच्या औषधात आम्ही खोट काढतोय. शेवटी मी दोन्ही लेबलं त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, तूच वाच. ते तीनशे लिहिणाऱ्याने एक शब्द गाळला होता, बस. आमच्या फार्मसीतही तपासणीचा टप्पा नव्हता. बाहेरून आणलेलं औषध थेट वॉर्डात जायचं. दुसऱ्या दिवसापासून ते खिडकीवरून गेल्याशिवाय वर जायचं नाही असं ठरलं.

मी भिंतीवर एक तक्ता चिकटवला. साधं, लिपिड कॉम्प्लेक्स, इमल्शन, लायपोसोमल: प्रत्येकाचा डोस वेगळा, कालवायची रीत वेगळी. एक प्रकार तर असा की डेक्स्ट्रोजचा सगळा नियम उलटा. फंगिसोम. हे लायपोसोम मुळात सलाइनमध्येच केलेले असतात आणि देण्याआधी बाटली पाऊण तास सोनिकेटरच्या पाण्यात धरावी लागते. चष्मे धुणाऱ्या मशीनचा तो मोठा भाऊ. दिल्ली विद्यापीठातले बिमलकुमार बच्छावत आणि मुंबईच्या केईएममधल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या कामातून ते औषध उभं राहिलं. परळच्या वॉर्डांत नव्वदच्या दशकात त्याचे पेशंट बघितले गेले होते. आमच्या कॉलेजात नॅनो म्हणजे सगळं अमेरिकेतून येतं असं शिकवायचे. परळ कोणी सांगितलं नाही.

*

आता माझी स्वतःची फजिती. २००६ साली कोल्हापुरात एम.फार्म.चा प्रबंध केला: पीएलजीएच्या नॅनोकणांत रिफॅम्पिसिन हे क्षयाचं औषध. पीएलजीए म्हणजे विरघळणाऱ्या टाक्यांच्या दोऱ्याचं भावंड. दह्यातलं लॅक्टिक ॲसिड आणि त्याचा चुलतभाऊ ग्लायकोलिक ॲसिड यांची माळ. शरीरातलं पाणी ती माळ एकेक मणी करून तोडतं. कल्पना अशी की कण हळूहळू झिजेल आणि औषध दिवसांमागून दिवस थोडं थोडं सुटेल. क्षयाच्या पेशंटला रोजच्या मूठभर गोळ्यांतून सुटका. प्रस्तावनेत मी हेच लिहिलं होतं, दोन पानं.

औषध सुटतं कसं ते मोजायची पद्धत साधी. कणांचं पाणी डायलिसिसच्या पिशवीत बांधायचं, पिशवी सदतीस अंशाच्या बफरमध्ये लोंबकळत ठेवायची, तासातासाला बाहेरचं पाणी काढून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर किती औषध आलं ते बघायचं. रिफॅम्पिसिन विटकरी लाल, त्यामुळे यंत्राशिवायही अंदाज येतो. होस्टेलवरून रात्री अकराला मी डबा आणि चादर घेऊन लॅबमध्ये आले, आठवडाभराच्या तयारीने. पिशवी सोडली. पहिल्या तासाला बाहेरचं पाणी पिवळसर. दुसऱ्या तासाला नारिंगी. यंत्राने सांगितलं, बावन्न टक्के बाहेर.

दोन तासांत अर्ध्याहून जास्त. सकाळी सरांनी बीकर उजेडात धरला आणि म्हणाले, "याला कंट्रोल्ड रिलीज म्हणत नाहीत. याला तुरुंग फुटला म्हणतात."

कारण नंतर कळलं. कण बनताना बरंचसं औषध आत शिरलंच नव्हतं, पृष्ठभागावर चिकटून बसलं होतं. कण जितका बारीक, तितका त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा. नॅनो करण्याचा जो फायदा, तोच इथे तोटा. तीनदा धुतले तर वरचं औषध गेलं, पण मग आत उरलेलं इतकं थोडं की एका डोसला भांडंभर कण लागले असते. सहा महिने मी धुणं आणि भरणं यांच्यात पिंगा घातला. शेवटी प्रबंधात लिहिलं: 'इनिशियल बर्स्ट फॉलोड बाय सस्टेन्ड रिलीज.' म्हणजे आधी एकदम उसळी, मग हळूहळू. त्या काळी लायब्ररीतले दहा प्रबंध काढलेत तर आठांत हेच वाक्य सापडेल. आमच्या बॅचमध्ये या वाक्याला 'तुरुंग फुटला' असंच म्हणायचे.

त्यामुळे ज्यांना हे जमलं त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, आणि सगळ्यात जास्त डॉक्सिलबद्दल. डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं लाल औषध, तेही मातीतल्या जंतूपासूनच आलेलं. पेशंट 'लाल सलाइन' म्हणतात. लघवी लाल होते म्हणून घाबरतात. ते चांगलं काम करतं, पण हृदयाच्या स्नायूवर त्याचा हिशेब साठत जातो, एका मर्यादेपुढे देताच येत नाही. जेरुसलेममधले बॅरेनहोल्झ आणि गॅबिझॉन यांनी ते लायपोसोममध्ये घालायचं ठरवलं. पण आधी जमेना, भिंतीतून गळायचं.

त्यांनी काढलेली युक्ती मामाला सांगितली तेव्हा तो उठूनच बसला. आधी फुगे अमोनियम सल्फेटच्या पाण्यात बनवायचे. मग बाहेरचं पाणी बदलायचं, म्हणजे सल्फेट फक्त आत उरतं.

"अमोनियम सल्फेट? आपलं उसाचं?"

उसाचंच. आतल्या अमोनियमपासून अमोनिया निसटून बाहेर जातो, आणि जाताना आंबटपणा मागे ठेवतो. बाहेरचं औषध विद्युतभार नसलेल्या रूपात भिंतीतून आत शिरतं. आत आंबट पाण्यात त्याला भार चिकटतो, आणि भार असलेल्याला तेलकट भिंत ओलांडता येत नाही. वर सल्फेट त्याला धरून स्फटिकच करून टाकतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोत फुग्याच्या पोटात ती काडी दिसते. कॉफीच्या बीसारखा आकार. आत येताना दार उघडं, मग आलेला माणूस इतका फुगतो की बाहेर पडता येत नाही. माझ्या रिफॅम्पिसिनला कोणी असं फुगवलं असतं तर!

१९९५मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, नॅनो म्हणवणारं तिथलं पहिलं औषध. २०१२मध्ये तिकडे डॉक्सिलचा तुटवडा झाला तेव्हा मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स त्यांनी तात्पुरतं आयात करू दिलं, आणि पुढच्या वर्षी तिच्याच जेनेरिकला मंजुरी दिली. आमच्या कपाटात ते तेव्हा होतंच.

फुग्यांवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची लव लावली की यकृताच्या पेशी त्यांना लवकर ओळखत नाहीत, म्हणून ते कित्येक दिवस रक्तात फिरत राहतात. हृदय वाचतं. पण फिरत राहिले म्हणजे कुठेतरी झिरपणारच: तळहात, तळपाय. लाल होतात, सोलतात, चप्पल घालवत नाही. एका पेशंट बाईंनी मला विचारलं होतं, "हृदयाचं पायावर काढलं का हो?" याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

तर त्या मुलीच्या क्षेपणास्त्राकडे. कॅन्सरच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने बांधलेल्या, गळक्या असतात, त्यातून नॅनोकण गाठीत उतरतात आणि तिथेच साठतात, हे माएदा आणि मात्सुमुरा या जपानी संशोधकांनी १९८६मध्ये मांडलं. त्यावर हजारो प्रबंध उभे राहिले, प्रत्येकात बाण आणि बुल्सआय. २०१६मध्ये टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग गोळा करून हिशेब मांडला: टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचणारे, मध्यम आकडा, शून्य दशांश सात टक्के. शंभरातला एकसुद्धा नाही. उरलेले बहुतेक यकृत आणि प्लीहा खातात.

मला हा आकडा वाचून वाईट वाटलं नाही, उलट हायसं वाटलं. पंधरा वर्षं औषधं कालवताना जे डोळ्यांना दिसत होतं त्याचाच तो आकडा होता. ही औषधं टिकली ती नेम चांगला म्हणून टिकली नाहीत. अँफोटेरिसिन किडनीपासून आणि डॉक्सोरुबिसिन हृदयापासून लांब धरून ठेवता आलं, म्हणून टिकली. प्रबंधात सगळे 'कुठे पोचतं' याची चित्रं काढतात. मी वॉर्डात क्रिएटिनिनचा कागद बघते.

आणि यकृत-प्लीहा खातात हेही दरवेळी रडगाणं नसतं. काळा आजार, म्हणजे बिहारकडे वाळूमाशीमुळे होणारा ताप, त्याचा परजीवी राहतो कुठे? प्लीहा, यकृत, अस्थिमज्जा, तिथल्याच खादाड पेशींच्या पोटात. ज्या पेशी फुगे गिळतात, त्याच. चोर ज्या घरात लपलाय त्याच घराला फुगे खाण्याची सवय. मुजफ्फरपूरला श्याम सुंदर यांच्या गटाने किलोला दहा मिलिग्रॅम लायपोसोमल अँफोटेरिसिन एकदाच, एकाच बाटलीतून दिलं, आणि २०१०मध्ये आलेले निकाल असे की जुन्या पद्धतीच्या महिनाभराच्या पंधरा बाटल्यांच्या ते तोडीस तोड ठरलं. मामाला एकवीस दिवस लागले आणि बिहारच्या पेशंटला एक. औषध तेच.

*

मामाचं क्रिएटिनिन चढलंच. फुगा झाला तरी थोडं गळतंच. नऊवरून, म्हणजे शून्य दशांश नऊवरून, बाराव्या दिवशी एक पूर्णांक सात. पोटॅशियम घसरलं. दोन दिवस बाटली थांबली, पोटॅशियम भरलं, पुन्हा सुरू. मामी पहिल्या दिवसापासून शहाळं आणत होती आणि सिस्टर नको म्हणत होत्या. पोटॅशियम घसरल्यावर डॉक्टरांनीच शहाळं लिहून दिलं. मामीने तो कागद जपून ठेवलाय.

जूनच्या शेवटी घरी सोडलं. पुढे बुरशीवरच्याच पोसाकोनाझोलच्या गोळ्या, दिवसाला तीन, एकदम, जेवणाबरोबर. पाकिटावर 'डिलेड रिलीज' छापलेलं. मी गोळ्यांची वेळ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिली. शुगरचं लिहिलं, पाण्याचं लिहिलं, नाक धुण्याचं लिहिलं.

नऊ दिवसांनी बघायला गेले. स्वयंपाकघरातून ठणठण आवाज येत होता. मामी पितळी खलबत्त्यात गोळ्या कुटत होती. ऑपरेशनमुळे मामाच्या टाळूला भोक, ते झाकणारी प्लेट अजून बसायची होती, अख्खी गोळी नाकात चढायची. म्हणून बारीक पूड करून ताकात कालवून पाजत होती. "वस्त्रगाळ करते गं," ती मला कौतुकाने म्हणाली.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. ती गोळी म्हणजे नुसतं दाबलेलं औषध नसतं. औषध एका पॉलिमरमध्ये वितळवून मुरवलेलं असतं. तो पॉलिमर जठराच्या आंबट पाण्यात गप्प राहतो, आतड्यात सुटतो, आणि सुटलेल्या औषधाला तिथे तळाशी बसू देत नाही; नाहीतर हे औषध आंबटात विरघळतं आणि पुढे जाऊन मातीसारखं खाली बसतं, रक्तात जातच नाही. सगळं कौशल्य त्या न फुटण्यात. आणि आमच्या घरी तुरुंग खलबत्त्याने फोडला जात होता, दिवसाला तीन, नऊ दिवस. सत्तावीस गोळ्या.

मामीला काय बोलणार? 'कुटू नये' हे मी लिहिलंच नव्हतं. दिवसभर खिडकीवर लोकांना सांगते, घरच्या कागदावर राहिलं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी एमआरआय लवकर करायला सांगितलं. दंतवैद्यांनी चार दिवसांत तात्पुरती प्लेट करून दिली. तोवर मामाने घट्ट दह्याच्या चमच्यात अख्खी गोळी घालून, मान डावीकडे कलती करून गिळायची युक्ती स्वतःच शोधली. एमआरआय ठीक आला. तो मामाचा नशीबवानपणा, आमचं कर्तृत्व काही नाही.

मामा आता बरा आहे. 'प' आणि 'ब' म्हणताना प्लेट थोडी वाजते. ऊस कमी केलाय, हळद वाढवलीय.

गेल्या रविवारी मामीचा फोन आला. मामाला बीपीची नवी गोळी दिलीय, मोठी आहे, पाकिटावर नावापुढे एक्स आणि एल लिहिलंय.

"मोठ्या मापाची असंल तर अर्धी करू का?"

"नको मामी. एक्सएल म्हणजे हळूहळू सुटणारी. अख्खी."

"आणि तुझ्या आजीची ती कॅल्शियमची?"

"ती फोडली तर चालेल."

"बरं," ती म्हणाली, आणि मागे खलबत्ता ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.